असिंकटास्क, आरएक्सजावा की कोरुटीन? आधी काम कोणाचं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. औषधांच्या घाऊक विक्रेत्यांसाठी ऑर्डर घेणारं अँड्रॉइड ॲप आहे, वय सहा वर्षं. निम्म्याहून जास्त कोड जावात, नव्या स्क्रीन कोटलिनमध्ये. चाळीसेक ठिकाणी असिंकटास्क, बरंच काही आरएक्सजावा २ मध्ये, आणि अलीकडे आलेल्या दोघांनी लिहिलेला भाग कोरुटीनमध्ये. तिन्ही मार्ग वेळखाऊ काम स्क्रीन न अडवता बाजूला चालवण्याचे. वरिष्ठ म्हणतात, काहीतरी एक ठरवा आणि सगळं त्यात आणा. तर काय ठरवावं? शिवाय जाता जाता विचारलंय, की हल्ली ब्लूटूथ प्रिंटरवर लागोपाठ दोन पावत्या पाठवल्या की त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात, त्याला काय करावं.

उत्तर आधी सांगून टाकतो, कारणं मागाहून. नवा कोड कोरुटीनमध्ये लिहा. असिंकटास्क काढा, पण एका झटक्यात नको. आरएक्सजावा जिथे बिनबोभाट चालतंय तिथे राहू द्या, फक्त ३ वर न्या. आणि ऑर्डर सर्व्हरला पोचवण्यासारखं जे काम ॲप बंद झालं तरी व्हायलाच हवं, ते या तिघांपैकी कुणाच्याच भरवशावर ठेवू नका, ते वर्कमॅनेजरला, म्हणजे ॲप बंद झालं तरी काम पार पाडणाऱ्या अँड्रॉइडच्या लायब्ररीला, द्या. तुमच्या प्रश्नात या चौथ्याचं नावच नाही, आणि मला धाकधूक वाटते ती तिथेच.

मेन थ्रेडचं, म्हणजे स्क्रीन रंगवणाऱ्या आणि बोटाचा स्पर्श ऐकणाऱ्या थ्रेडचं, पुराण लांबवत नाही. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम रंगवायला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर त्याच्या निम्मे. बोट लावल्यावर मेन थ्रेडने ५ सेकंद दाद दिली नाही तर 'ॲप प्रतिसाद देत नाही' ही पाटी येते. नेटवर्कचं काम मेन थ्रेडवर केलं तर अँड्रॉइड ३ पासून सरळ एक्सेप्शनच अंगावर येतं. हे सगळं पहिल्या महिन्यात पाठ होतं, आणि म्हणूनच की काय, बहुतेकजण असिंक्रोनस कामाचा विचार 'कुठल्या थ्रेडवर' एवढ्याच अंगाने करतात. थ्रेड बदलणं हा सोपा भाग झाला. अवघड भाग म्हणजे हे काम कोणाच्या मालकीचं, आणि ते कधी मेलं पाहिजे. तिन्ही पद्धती खऱ्या वेगळ्या पडतात त्या इथे.

मला हे कळायला दूध सांडावं लागलं. काही वर्षांपूर्वी मी दूध संकलनाच्या एका ॲपवर होतो. गावच्या दूध संस्थेत पहाटे पाच-साडेपाचला रांग लागते. सभासदाचं दूध मापायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) मशीनवरून घ्यायचं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढायची, पावती छापून हातात द्यायची, की पुढचा. एका माणसाला अर्धा मिनिटही मिळत नाही. नोंद सर्व्हरला पाठवण्याचं काम आमच्याकडे मुळात असिंकटास्कमध्ये होतं. आम्ही नव्या जोमाने ते कोरुटीनमध्ये आणलं. व्ह्यूमॉडेलस्कोपमध्ये (स्कोप म्हणजे कामाचं आयुष्य ठरवणारं कुंपण, इथे ते स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या व्ह्यूमॉडेलचं) लाँच, आत सस्पेंड फंक्शन (मध्ये थांबून पुन्हा पुढे जाऊ शकणारं), चुका नीट पकडलेल्या. कोड इतका स्वच्छ, की रिव्ह्यूमध्ये कुणी बोट ठेवलं नाही. दहा दिवसांनी बिलं निघाली आणि काही सभासदांच्या पावत्या बिलाशी जुळेनात. पावती हातात आहे, सर्व्हरवर नोंदच नाही.

दोन दिवस सर्व्हरवाल्यांशी भांडण्यात गेले. मग एका संस्थेत पहाटे जाऊन सचिवांच्या शेजारी उभा राहिलो आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. सचिव 'जतन करा' दाबत आणि त्याच दमात बॅक दाबून यादीवर येत. बॅक दाबलं की ॲक्टिव्हिटी, म्हणजे ती स्क्रीन, संपते, व्ह्यूमॉडेल साफ होतं, त्याचा स्कोप रद्द होतो, आणि त्यात चाललेला रेट्रोफिटचा, म्हणजे सर्व्हरशी बोलणाऱ्या लायब्ररीचा, कॉलही रद्द होतो. नियमाने हे अगदी बरोबर आहे, कोरुटीन वापरायचं एक मोठं कारणच ते. पण गावात नेट हळू, त्यामुळे विनंती पोचायच्या आतच कॉल मरायचा. जुना असिंकटास्क मात्र ॲक्टिव्हिटी गेली तरी मागे रेंगाळत राहायचा. मेलेली ॲक्टिव्हिटी मेमरीत अडकवून ठेवायचा, त्यासाठी आम्ही त्याला वर्षभर शिव्या घातल्या होत्या, पण नोंद पोचवायचा. आमचं ॲप त्याच्या त्या खोडीवर उभं होतं, आणि आम्ही खोड मोडली.

दुरुस्ती काय केली ते तपशिलाने सांगतो, कारण तुमच्या ऑर्डरींना तीच लागू आहे. नोंद आधी फोनमधल्या रूम डेटाबेसमध्ये जाते, आणि 'जतन झालं' याचा अर्थ तेवढाच. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्या नोंदीला न मिळणारा ओळख क्रमांक, दिला जातो. मग वर्कमॅनेजरला काम सोपवलं जातं: नेट असेल तेव्हा, न पाठवलेल्या नोंदी पाठव. प्रयत्न फसला आणि कामाने 'पुन्हा' म्हटलं, की तो आपण होऊन परत प्रयत्न करतो, सुरुवातीला ३० सेकंदांनी आणि मग अंतर वाढवत, जास्तीत जास्त ५ तासांपर्यंत. फोन बंद करून चालू केला तरी काम त्याच्या वहीत असतं. यूयूआयडी का, तर उलट्या दिशेचा घोळ टाळायला. विनंती सर्व्हरला पोचली, नोंद झाली, पण उत्तर परत यायच्या आत नेट गेलं, तर फोनच्या दृष्टीने काम फसलेलंच असतं. तो पुन्हा पाठवतो. सर्व्हरने यूयूआयडी पाहून 'हे माझ्याकडे आहे' म्हटलं नाही, तर एका सभासदाचं दूध दोनदा मोजलं जातं. तुमच्याकडे एका औषधाच्या वीस पेट्यांच्या चाळीस होतील. हा बदल सर्व्हरवर करावा लागतो, त्यामुळे त्या टीमला पहिल्याच दिवशी सोबत घ्या.

यात आम्ही आणखी एकदा ठेचकाळलो. रूममध्ये लिहिण्याचं काम पुन्हा व्ह्यूमॉडेलस्कोपमध्येच टाकलं. ते काही मिलिसेकंदांत होतं, त्यामुळे चाचणीत कधी सापडलं नाही, पण स्वस्त फोनवर, मेमरी भरलेली असताना, सचिवांचा अंगठा त्याहून चपळ निघाला. म्हणजे तोच दोष, आकाराने लहान. आता लिहिण्याचं काम संपूर्ण ॲपच्या स्कोपमध्ये होतं आणि लिहून झाल्यावरच स्क्रीन बंद होते.

तेव्हापासून कुणी 'काय वापरू' विचारलं की मी दोन प्रश्न उलट विचारतो. आत्ता वापरणाऱ्याने बॅक दाबलं तर हे काम थांबलेलं चालेल का? आणि या क्षणी ॲपच मारलं गेलं तर?

बॅक दाबल्यावर थांबायलाच हवं अशी कामं सर्वांत जास्त असतात. औषधाचं नाव शोधणं, शिल्लक साठा दाखवणं, दुकानदाराची जुनी ऑर्डर उघडणं. बघणारा माणूसच निघून गेला तर नेट आणि बॅटरी कशाला जाळायची? ही कामं व्ह्यूमॉडेलस्कोपमध्ये. स्क्रीन आडवी केली तरी व्ह्यूमॉडेल टिकतं, त्यामुळे फोन कलंडला म्हणून यादी परत आणावी लागत नाही. लाइफसायकलस्कोप ॲक्टिव्हिटीबरोबर मरतो, म्हणून तिथे डेटा आणू नका, फक्त दाखवण्याची कामं ठेवा.

दुसरी जात मधली. स्क्रीन गेली तरी चालू राहावं, पण ॲप मेलं तर फार काही बिघडत नाही. उदाहरणार्थ दरसूची ताजी करणं, अर्धवट ऑर्डरचा कच्चा मसुदा जपणं, वापराची आकडेवारी पाठवणं. यासाठी ॲप्लिकेशन क्लासमध्ये सुपरवायझरजॉब (एक काम फसलं तरी बाकीची चालू ठेवणारा) घातलेला स्वतःचा एक स्कोप करा आणि तो गरज असेल तिथे हाती द्या. ग्लोबलस्कोप वापरू नका. कोरुटीन लायब्ररीने १.५ पासून त्याला 'जपून' असा शिक्का मारलाय आणि वापरला की कंपायलर कुरकुरतो. मुख्य अडचण म्हणजे चाचणीत तो तुमच्या ताब्यात नसतो.

तिसरी जात ऑर्डर, वसुलीची नोंद, पावतीचा फोटो. हे वर्कमॅनेजरचं. त्याच्याकडून नको त्या अपेक्षाही ठेवू नका. ठरावीक काळाने होणारं काम १५ मिनिटांहून कमी अंतराने त्याला सांगता येत नाही, आणि ठरल्या मिनिटाला ते होईल याची हमी नसते. काही फोनवर बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली ते आणखी लांबतं. वापरणारा समोर बसून वाट पाहतोय असं मोठं अपलोड असेल तर फोरग्राउंड सर्व्हिस आणि सूचनापट्टीवर दिसणारी प्रगती हा सरळ मार्ग. अँड्रॉइड १४ ला लक्ष्य करणाऱ्या ॲपला त्या सर्व्हिसचा प्रकार आधी जाहीर करावा लागतो, तेवढं लक्षात असू द्या.

आता चाळीस असिंकटास्क. ते अँड्रॉइड १.५ बरोबर २००९ मध्ये आले आणि अँड्रॉइड ११ मध्ये, २०२० ला, कालबाह्य ठरवले गेले. कालबाह्य म्हणजे काढून टाकले असं नाही, कोड आजही चालतो, म्हणून आग लागल्यासारखं धावायचं कारण नाही. पण त्यांच्या इतिहासात एक मेख आहे. सुरुवातीला सगळे टास्क एकाच थ्रेडवर एकामागून एक चालायचे. १.६ मध्ये ते एकाच वेळी अनेक थ्रेडवर चालू लागले. त्यातून इतके घोटाळे झाले, की ३.० पासून पुन्हा एकामागून एक. म्हणजे नुसतं 'एक्झिक्यूट' म्हटलेला तुमच्या ॲपमधला प्रत्येक असिंकटास्क आजही एकाच रांगेत उभा राहतो, मग तो कुठल्याही स्क्रीनवरचा असो.

या रांगेवर सहा वर्षांत किती कोड नकळत विसंबला असेल, विचार करा. आधी दुकानदार जतन कर, मग त्याच्या नावावर ऑर्डर लाव. दोन वेगवेगळे टास्क, वेगवेगळ्या फाइलींत, पण क्रम कधी चुकला नाही कारण रांग होती. कोरुटीनमध्ये डिस्पॅचर आयओवर (काम कुठल्या थ्रेडवर चालेल ते डिस्पॅचर ठरवतो) दोन लाँच एकामागोमाग लिहिले तर कोण आधी संपेल याची कसलीही खात्री नाही. म्हणून असिंकटास्क बदलताना दोन गोष्टी तपासा: तो मागे रेंगाळण्यावर कुणी अवलंबून आहे का, आणि त्याच्या क्रमावर कुणी अवलंबून आहे का. ही तपासणी कुठलंही साधन करून देत नाही. वाचावंच लागतं. चाळीस ठिकाणांना माझ्या अंदाजाने दोन माणसांचा एक आठवडा, आणि तो वाया जात नाही. तुमच्या प्रिंटरचं उत्तरही मला या रांगेतच दिसतंय, त्यावर शेवटी येतो.

आरएक्सजावाबद्दल हल्ली पोरं नाक मुरडतात, ते मला पटत नाही. मायक्रोसॉफ्टने डॉटनेटसाठी मांडलेली कल्पना नेटफ्लिक्सने जावात आणली आणि २०१३ मध्ये खुली केली. अँड्रॉइडवर तेव्हा कॉलबॅकच्या आत कॉलबॅकच्या आत कॉलबॅक असा कांदा सोलावा लागायचा. टाइप करणं ३०० मिलिसेकंद थांबेपर्यंत वाट बघ, नवं अक्षर आलं की आधीची विनंती सोड, फसली तर दोनदा परत कर, हे सगळं चार ओळींत मांडता येतं हे पाहिल्यावर आम्ही अक्षरशः हरखलो होतो. वाहत्या गोष्टींसाठी, म्हणजे बारकोड स्कॅनर, काट्याचं वजन, शोधाची चौकट यांच्यासाठी, ते आजही दणकट आहे.

दुखतं ते दुसरीकडे. एकदाच विचारून एकदाच उत्तर घ्यायचं अशा साध्या कामालाही प्रवाहाचा सगळा बारदाना लागतो. सबस्क्राइबऑन (काम कुठल्या थ्रेडवर सुरू व्हायचं ते सांगणारं) साखळीत कितीही वेळा लिहा, उगमाच्या सर्वांत जवळचा तेवढा लागू होतो, आणि ऑब्झर्व्हऑन (पुढचं काम कुठे ते सांगणारं) मात्र आपल्या खालच्या सगळ्यांना. हे माहीत नसलेला माणूस दोन्ही तीन-तीनदा लिहून ठेवतो आणि चालतंय म्हणून खूश असतो. डिस्पोज करायला, म्हणजे नको झालेली साखळी तोडायला, विसरलात तर मेमरीची गळती. आणि वेळेवर डिस्पोज केलंत, पण त्यानंतर आतून एरर आली, तर आवृत्ती २ पासून ती ऐकणारं कुणी नसल्याने थेट सार्वत्रिक हँडलरकडे जाते आणि तो लावलेला नसेल तर ॲप कोसळतं. तुमच्या क्रॅशच्या यादीत 'अनडिलिव्हरेबल' असं काही दिसत असेल तर ते हेच. ॲप्लिकेशन क्लासमध्ये हँडलर लावा, आजच. त्यात नेट तुटल्याच्या आणि थ्रेड मध्येच थांबवल्याच्या एरर सोडून द्या, बाकीच्या नोंदवा.

आवृत्ती २ ची देखभाल फेब्रुवारी २०२१ मध्ये थांबली, म्हणून ३ वर जा. बहुतेक काम पॅकेजची नावं बदलण्याचं आहे, आणि दोन्हींची पॅकेजं वेगळी असल्याने काही दिवस ती एकत्र नांदू शकतात. एकेक मॉड्यूल हलवा.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जड आहे, जी या वादात फारशी कुणी काढत नाही. तुमचा निम्म्याहून जास्त कोड जावा आहे. सस्पेंड फंक्शन जावातून सरळ बोलावता येत नाही. कंपायलर त्याला एक जादा कंटिन्युएशन चिकटवतो आणि जावातून ते हाताळणं म्हणजे नाकात वेसण घालून लग्नाला जाणं. तेव्हा जी रिपॉझिटरी जावाच्या स्क्रीनही वापरतात आणि कोटलिनच्याही, तिथे आतला कोड कोरुटीनमध्ये असू दे, पण जावासाठी सिंगल (आरएक्समधला एकच उत्तर देणारा प्रकार) परत करणारी एक पातळ खिडकी ठेवा. कोरुटीन लायब्ररीच्या आरएक्स जोडणीत यासाठी तयार फंक्शनं आहेत, दोन्ही दिशांनी. म्हणजे आरएक्स तुमच्याकडे जावा असेपर्यंत राहणारच आहे. वरिष्ठांना हे असंच सांगा: 'सगळं एकात आणा' याचा खरा अर्थ 'सगळा जावा कोटलिनमध्ये आणा' असा होतो, आणि तो खर्च वेगळा मांडायला हवा.

मग कोरुटीनच का? कल्पना जुनी आहे, मेल्विन कॉनवे यांच्या १९६३ च्या लेखात हा शब्द भेटतो. कोटलिनमध्ये ती ऑक्टोबर २०१८ ला १.३ बरोबर स्थिर झाली, पुढच्याच वर्षी रूम आणि रेट्रोफिट दोघांनी सस्पेंड फंक्शनं थेट स्वीकारली, आणि तिथून अँड्रॉइडचा ओघच त्या बाजूला वळला. पण माझ्या लेखी मोठं कारण आधी सांगितलेलंच आहे. कोरुटीन सुरू करताना स्कोप सांगावाच लागतो. काम कोणाचं, हा प्रश्न टाळताच येत नाही. उत्तर चुकीचं देता येतं, जसं आम्ही दिलं, पण ते कोडमध्ये लिहिलेलं असतं आणि कुणालातरी वाचता येतं. असिंकटास्कमध्ये ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नव्यांच्या कोडमध्ये मला त्याच त्या चुका दिसतात, तेवढ्या सांगतो. पहिली, सस्पेंड लिहिलं म्हणजे काम मागे गेलं असा समज. सस्पेंडने थ्रेड बदलत नाही. दहा हजार औषधांची जेसन (सर्व्हरकडून डेटा येतो तो मजकुराचा साचा) यादी सस्पेंड फंक्शनमध्ये मेन थ्रेडवर उलगडलीत तर स्क्रीन गोठणारच. आमच्याकडे शिरस्ता असा, की जड काम ज्या फंक्शनमध्ये आहे त्यानेच विथकॉन्टेक्स्ट लावून स्वतःला योग्य डिस्पॅचरवर न्यायचं. बोलावणाऱ्याने डोकं चालवायचं नाही. गणिताचं, उलगडण्याचं काम डिफॉल्टवर, जो जवळपास गाभ्यांइतकेच थ्रेड वापरतो. वाट बघत बसणारं काम आयओवर, जिथे सहसा ६४ थ्रेडची मर्यादा असते.

दुसरी चूक जास्त घातक. रद्द करणं हे कोरुटीनमध्ये एका एक्सेप्शनने कळवलं जातं. तुम्ही सरसकट एक्सेप्शन पकडणारा कॅच लिहिलात की तो निरोपही गिळला जातो, आणि मेलेलं काम भुतासारखं पुढे चालत राहतं. रनकॅचिंगही तेच करतं, आणि ते दिसायला गोड असल्याने सगळीकडे पसरलेलं असतं. कॅन्सलेशन एक्सेप्शन असेल तर परत फेकायचं, हा आमच्या रिव्ह्यूतला एकमेव नियम ज्याला अपवाद नाही. त्याच्याच जोडीचं म्हणजे रद्द होणं हे सहकाराने चालतं. आत सस्पेंड होणारं काहीच नसलेला लांबलचक लूप कुणाचं ऐकत नाही, त्यात मधूनमधून एन्शुअरॲक्टिव्ह विचारावं लागतं. आणि ब्लूटूथ सॉकेटवर बाइटची वाट बघत अडकलेला वाचक तर स्कोप रद्द केल्याने मुळीच सुटत नाही. त्याला सोडवायचा उपाय सॉकेट बंद करणं. आमच्या फॅट मशीनचे असे अडकलेले वाचक आयओचे थ्रेड धरून बसायचे आणि दुपारपर्यंत ॲप मंदावायचं, कारण कळायला बराच काळ गेला.

तिसरी चूक निरुपद्रवी, पण सगळीकडे. साठा, दर आणि उधारी अशा तीन विनंत्या एकाखाली एक लिहायच्या. प्रत्येकी ४०० मिलिसेकंद धरले तर जवळजवळ सव्वा सेकंद गेला. एकमेकींवर अवलंबून नसतील तर तिन्ही असिंकने सुरू करा आणि मग अवेट. फक्त ठरवा, की उधारी आणता आली नाही तर बाकी दोन दाखवायच्या का. साध्या कोरुटीनस्कोपमध्ये एक फसलं की भावंडंही रद्द होतात. तसं नको असेल तर सुपरवायझरस्कोप लावा आणि प्रत्येक अवेटची एरर वेगळी पकडा.

फ्लो, म्हणजे कोरुटीनमधला डेटाचा प्रवाह, गोळा करताना रिपीटऑनलाइफसायकल लावा, नाहीतर ॲप खिशात असतानाही स्क्रीनसाठी डेटा येत राहतो. याहून जास्त सांगण्यासारखं तिथे काही नाही.

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच, की हे सगळं सोडून फ्लटरमध्ये नव्याने लिहू. खुशाल लिहा, पण या कारणासाठी नको. डार्टमध्ये असिंक-अवेट भाषेतच आहे आणि सुटसुटीत आहे, पण एक आयसोलेट म्हणजे एकच थ्रेड. अवेट लिहिलं म्हणून जड काम दुसरीकडे जात नाही, मोठं जेसन उलगडायला वेगळा आयसोलेटच लागतो. अवेटनंतर स्क्रीन अजून आहे का, हे माउंटेड पाहून तुम्हालाच विचारावं लागतं. आयफोनवर स्विफ्टमध्ये २०२१ पासून असिंक-अवेट आलंय, तिथेही टास्क कोण रद्द करणार हे तुम्हीच सांगायचं. भाषा बदलली तरी सचिव बॅक दाबायचे थांबत नाहीत.

कामाचा क्रम मी असा लावीन. पहिल्यांदा ऑर्डर आणि वसुली रूम अधिक वर्कमॅनेजरवर, कारण पैसे तिथे आहेत. मग आरएक्सचा सार्वत्रिक हँडलर आणि आवृत्ती ३. मग असिंकटास्क, ज्यांच्यात ॲक्टिव्हिटी किंवा व्ह्यू धरलेला आहे ते आधी. आरएक्सच्या लांब साखळ्या, ज्यांत पाच-सहा ऑपरेटर आहेत आणि ज्यांना दोन वर्षांत कुणी हात लावलेला नाही, त्या अगदी शेवटी, किंवा कधीच नाही. अशी साखळी फ्लोमध्ये उतरवताना दिसायला सारखं आणि वागायला किंचित वेगळं असं काहीतरी हमखास निसटतं. ज्या स्क्रीनमध्ये तसंही नवं काम निघालंय तिथेच बदल करा. डिस्पॅचर बाहेरून द्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, म्हणजे रनटेस्टमधल्या लटक्या घड्याळावर तीस सेकंदांची वाट एका क्षणात तपासता येते. आणि एक चाचणी मात्र हाताने: प्रत्येक 'जतन करा' बटणावर नेट हळू करून, जतन आणि बॅक लागोपाठ, दहा वेळा. आमच्याकडे हिचं नाव 'सचिव चाचणी' आहे.

आता प्रिंटर. ओळी मिसळणं अलीकडे सुरू झालं असेल, आणि पावती छापण्याचा भाग नुकताच असिंकटास्कमधून कोरुटीनमध्ये आला असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही. पूर्वी दोन पावत्या त्या एका रांगेत आपोआप मागेपुढे उभ्या राहत. आता दोन कोरुटीन आयओच्या दोन थ्रेडवरून एकाच सॉकेटमध्ये एकाच वेळी बाइट ओततात. सिंक्रोनाइज्ड ब्लॉक घालून भागवू नका, त्याच्या आत सस्पेंड होता येत नाही. छापण्याचं पूर्ण फंक्शन एका म्यूटेक्समध्ये (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घाला, म्हणजे एक पावती पहिल्या बाइटपासून कागद कापण्यापर्यंत सलग जाईल. क्रमही काटेकोर हवा असेल, कागद संपल्यावर परत छापायचं असेल, तर एक चॅनल (कोरुटीनमधली रांग) करा आणि त्यातून पावत्या उचलणारं एकच कोरुटीन ॲपच्या स्कोपमध्ये ठेवा. सॉकेट उघडणं-मिटणं त्या एकाच्याच हातात. स्वस्त थर्मल प्रिंटरचा बफर छोटा असतो, त्यामुळे मोठी पावती तुकड्यांनी पाठवून मध्ये थोडं थांबावं लागेल. किती, ते तुमच्या प्रिंटरवर बघूनच ठरेल. आमच्या दुधाच्या ॲपमध्ये छपाई अजूनही आरएक्सच्या एका थ्रेडच्या शेड्युलरवर आहे. ती मी बदललेली नाही.